उन्हात न गेलेला डाग

आमच्या घरात कपडे मी धुतो. मशीन धुतं असं बायको म्हणते, पण मशीनला काय कळतं? त्याच्या पोटात काय घालायचं, कशाबरोबर काय घालायचं नाही, पाणी गार की कोमट, शेवटी किती जोरात पिळायचं, हे ठरवायला माणूस लागतो आणि तो माणूस मी आहे. बायको शिरड शहापूरच्या बाजूला एका शाळेवर शिकवते. सकाळी डबा भरून ती बसस्टँड गाठते. स्वयंपाक तिचा आणि कपडे माझे, अशी वाटणी फार वर्षांपूर्वीच झाली. मी वसमतला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. दिवसभर पुस्तकं लावायची आणि घरी येऊन कपडे लावायचे.

माझा स्वभाव काळजीचा आहे. म्हणजे थोडाफार नव्हे, चांगला पक्का. खिसे मी तीनदा तपासतो. नव्या कपड्याचं टोक ओलं करून पांढऱ्या रुमालात दाबून धरतो, रंग सुटतो का बघतो, आणि नाही सुटला तरी मन मानत नाही. मशीन सुरू झालं की समोर स्टूल टाकून बसतो आणि काचेतून आत बघत राहतो. मध्येच लाईट गेली तर मी मशीनभोवती फेऱ्या मारतो, कारण साबणाच्या पाण्यात अडकलेले कपडे बाहेर काढता येत नाहीत आणि आत सोडवत नाहीत. टाकीत पाणी किती उरलं हे बघायला मी एका धुण्यात दोनदा गच्चीवर जातो. शेजारच्या गच्चीवरच्या ताई एकदा म्हणाल्या, “सर, कपडे धुऊन राहिले का परीक्षा देऊन राहिले?” मी हसलो, पण उत्तर खरं तर ‘परीक्षा’ हेच होतं.

दर रविवारी माझ्या पाच थप्प्या पडतात. पांढरे, फिके, गडद, टॉवेल-चादरी आणि नाजूक. आमच्या भागात सहावी थप्पीही लागते, ती हळदीची. हळद निघायच्या दिवसांत आख्ख्या तालुक्याला तिचा वास असतो आणि कपड्यांना तिचे डाग. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो. बाहेरगावचा माणूस ते बघून हबकतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. खळबळून काढलं की लाल जाऊन पिवळं उरतं, आणि ते पिवळं ऊन खाऊन टाकतं. दोन दिवस कडक ऊन दाखवलं की कपडा साफ. म्हणून कपड्यावर लाल दिसलं की आमच्याकडे कोणी घाबरत नाही. सगळ्या गोष्टींची काळजी करणारा मी, या एका गोष्टीबाबत बेफिकीर होतो. आणि माझ्या मायचं दुखणं नेमकं तिथूनच माझ्या हातून निसटलं.

माय म्हणजे माझी आई. वडील गेल्यापासून ती आमच्याकडे वसमतला राहते. राहते म्हणायचं एवढंच. हट्टा गावाजवळ आमचं दोन एकर रान आहे, ते भावकीतला एकजण बटईनं करतो. पण हळद निघायला लागली की मायला घरात करमत नाही. सकाळच्या बसनं ती जाते, बायांच्या घोळक्यात बसून हळकुंडं निवडते आणि संध्याकाळी पिवळीधमक होऊन परत येते. मी कितीदा म्हटलं, आता बस कर. ती म्हणायची, “बसूनच तर काम करून राहिले मी. उभं ऱ्हाऊन कुठं करते?”

साड्या ती मला धुवायला द्यायची. परकर मात्र कधीच नाही. परकर ती पहाटे न्हाणीत स्वतः धुवायची, गच्चीवरच्या दोरीवर टाकायची आणि त्याच्यावरून साडी पसरायची. तिच्या वयाच्या साऱ्या बायका असंच वाळवतात, परकर बाप्यामाणसाच्या नजरेला पडू नये म्हणून. दोरीवरची ती साडी उचलून खाली बघायचं माझ्या कधी मनातही आलं नाही. तसं बघणं म्हणजे कोणाच्या पेटीत हात घालण्यासारखं वाटलं असतं.

त्या वर्षी मायच्या साड्यांवर हळदीचे डाग जरा जास्त यायचे. सगळे मागच्या बाजूला. पण हळदीच्या ढिगाशेजारी मांडी घालून बसणाऱ्या बाईच्या साडीला डाग पडणार ते मागेच. मशीनच्या काचेतून मला ते लाल होताना दिसायचे. मी गार पाणी, साधं कॉटन, एक जादा खळबळणं लावायचो. दोन दिवसांच्या उन्हात साड्या स्वच्छ व्हायच्या आणि मी स्वतःवर खूश व्हायचो.

आणखी एक गोष्ट मी बघितली होती, आणि तिच्यावरही खूश झालो होतो. माय दर पौर्णिमेला विहारात वंदनेला जाते ती पांढऱ्या साडीत. ती साडी म्हणजे माझ्या जिवाला घोर. ती एकटीच धुवायची, मशीन आधी रिकामं फिरवून घ्यायचं, आत कुठे रंगीत दोरा राहिला नाही ना हे बॅटरी लावून बघायचं. आणि एका पौर्णिमेला माय चक्क निळी साडी नेसून निघाली. मी विचारलं तर म्हणाली, “पांढरी लई मळती, बाबा. निळी बी चालती तिथं.” पुढच्या पौर्णिमेलाही निळीच. मी मनात म्हटलं, चला, डोक्याचा एक ताप गेला. चाळीस वर्षं पांढऱ्या साडीशिवाय विहाराची पायरी न चढलेली बाई निळी का नेसायला लागली, हा प्रश्न मला पडला नाही. मला फक्त माझी थप्पी कमी झालेली दिसली.

फाल्गुनातला रविवार होता. बायकोनं सहज म्हटलं, “आत्याबाईच्या साड्यांची पिवळी झाक काठाला राहूनच ऱ्हायली. गरम पाण्यात काढून बघा की एकदा.” मी मशीनचं पुस्तक काढलं. सुती कपड्याला साठ डिग्री चालतं असं त्यात होतं. तोवर मी कधी तीसच्या वर गेलो नव्हतो. साठ म्हणजे साड्या आटतील, काठाचा रंग उतरेल, हीटर बिघडेल, असे सतरा विचार करून मी अर्धा तास आकड्यावर बोट ठेवून उभा होतो. शेवटी चारही काठांचे रंग तपासले आणि मायच्या चार सुती साड्या आत घालून बटण दाबलं. दोन तास मी स्टुलावरून हललो नाही.

साड्या आटल्या नाहीत. रंगही गेला नाही. अकरा वाजता मी त्या गच्चीवर वाळत घातल्या आणि चार वाजता काढायला गेलो, तेव्हा तीन साड्या लख्ख होत्या. चौथीवर मागच्या बाजूला तळहाताएवढा डाग तसाच होता. पिवळा नाही आणि लालही नाही. तांबूस, कडेला गडद रेघ असलेला.

पहिला विचार आला गंजाचा. टाकीच्या नळाचा गंज उतरला असेल. लिंबू आणून चोळलं, काही झालं नाही. मग कात म्हटलं, पण माय पान खात नाही. मग मी ती जागा ओली केली, बोटांनी चोळली आणि बोटं नाकाशी नेली. लहानपणी उन्हाळ्यात माझा घोळणा फुटायचा, शर्ट भरायचा, आणि माय ओरडायची, “गरम पाणी दावू नको त्याला, रगत पक्कं बसतं.” हा असाच बसलेला डाग मी तेव्हा किती शर्टांवर बघितला होता. डाग आत जाईल अशी मी साडी गुंडाळून घेतली.

मी जिन्यात बसलो. बायकोची चूक नाही, मशीनचीही नाही. आजवर गार पाण्यात जे निघून जात होतं, ते त्या दिवशी मी स्वतःच्या हातानं शिजवून पक्कं केलं होतं. आणि तसं केलं म्हणूनच ते मला दिसलं. मायची पाळी जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. हे रक्त कुठून आलं? मूळव्याध असेल. असू दे बाबा, मूळव्याध असू दे, असं मी चक्क पुटपुटलो. आईला मूळव्याध व्हावी म्हणून मनात मागणारा माझ्यासारखा मीच.

संध्याकाळी साडीची घडी करता करता मी अगदी सहज विचारतोय असं दाखवत म्हटलं, “माय, हा डाग कशाचा गं?”

“हळदीचा,” ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

“उन्हात गेला न्हाई.”

“मग चांगली पक्की हळद असंल. यंदा माल बेस हाय.”

मी हसायचा प्रयत्न केला. ती तांदूळ निवडत होती आणि तिची बोटं एकाच ठिकाणी फिरत होती.

रात्री बायकोला सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी मायला बाजूला घेऊन विचारलं. माय तिच्यावरच उखडली. “मला काय तकलीफ असती तर मी सांगितली नसती काय? तुमी दोघं नवरा-बायको साडीचे डाग मोजत बसता काय?” बायको माझ्याकडे आली. मला म्हणाली, “खरंच हळद असंल. तुमाला काळजीची सवयच हाय.” तिचं म्हणणं बरोबर होतं. काळजी करायची सवय असली की खरी काळजीही कोणी मनावर घेत नाही, आपण स्वतःही घेत नाही. मी ठरवून टाकलं की हळदच आहे. एक आख्खा दिवस मी तसा काढला.

बुधवारी सकाळी मी गच्चीवर पाणी बघायला गेलो. दोरीवर मायची साडी पसरलेली होती. मी जिन्याकडे बघितलं. खाली स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. मग मी साडीचं टोक उचललं. खाली दोन परकर होते आणि जुन्या सुती साडीचे चौकोनी तुकडे, चार-पाच, व्यवस्थित पिना लावलेले. धुतलेले होते, पण डाग सगळीकडे होते, एकावर एक. मी साडी तशीच खाली सोडली आणि मला रडू आलं. घाबरून आलं, आणि लाज वाटली म्हणूनही आलं. माझी माय रोज पहाटे अंधारात हे धुवत होती आणि मी साडेसातला उठून ‘नाजूक’वर किती मिनिटं लावू याचा विचार करत होतो.

त्या दिवशी मी कॉलेजला गेलो नाही. बायको शाळेत गेल्यावर मायच्या समोर जमिनीवर बसलो. काय बोलायचं ते जिन्यावर दहा वेळा म्हणून आलो होतो, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

“माय, ते रगत हाय. मला ठाव हाय.”

तिनं वर गच्चीकडे बघितलं. मग म्हणाली, “दोरीवरचं पाह्यलं तू?”

“व्हय.”

“काहून पाह्यलं?”

“मग तू काहून सांगितलं न्हाई? दर आठवड्याला साड्या माझ्याच हातात देत व्हती ना तू?”

“तुझ्या हातात द्यायच्या म्हणून तर हळद लावत व्हते,” ती म्हणाली. “आधी गार पाण्यात घासून घ्यायचे. जेवढं निघंना त्याच्यावर हळद चोळायचे. म्हटलं पोरगं धुतंय, त्याच्या नजरेला असलं काहून पडावं? हळद म्हटली की कोणी इचारत न्हाई.”

मला राग आला. तिचा आला आणि तिच्यापेक्षा जास्त माझा. मी ओरडलो, “मी काय परका हाय काय?” ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. तिला तसं रडताना मी वडील गेले तेव्हाही बघितलं नव्हतं. ओरडल्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुपारीच आम्ही बायांच्या डॉक्टरकडे गेलो. बाहेरच्या बाकावर सगळ्या बायका होत्या आणि मी एकटा पुरुष, तेही आईबरोबर. नंबर आला तेव्हा मी दारात थबकलो, तर मायनंच बाही धरून मला आत ओढलं. डॉक्टर बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, “आजी, कधीपासून आहे हे?”

“पोळ्याच्या आधीपासून.”

पोळा म्हणजे श्रावणाची अमावस्या. मी बोटांवर महिने मोजले. सहा होऊन गेले होते. आणि मग माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट आली आणि मी खुर्चीची कड घट्ट धरली. पोळ्याला हळद रानात असते. कमरेएवढी हिरवीगार पानं, आणि खाली जमिनीत कंद अजून पोसायचे असतात. तेव्हा कोणी हळद काढत नाही, शिजवत नाही, निवडत नाही. त्या दिवसांत आमच्या तालुक्यात कोणाच्याही साडीला मागून हळद लागत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि मी भर पावसाळ्यात दर रविवारी मायच्या साडीवर मागून पडलेले हळदीचे डाग धुतले, गच्चीवर ऊन नाही म्हणून कुरकुरलो, पंख्याखाली वाळवले, आणि मला एकदाही वाटलं नाही की या दिवसांत ही हळद आली कुठून.

तपासायला तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागणार होते. त्या आठ दिवसांत मी घरातले सगळे कपडे धुतले. पडदे धुतले, गाद्यांचे अभ्रे धुतले, धुतलेले कपडे परत धुतले. एकदा बायकोनं माझ्या हातातला साबणाचा डबा काढून घेतला आणि मला जेवायला बसवलं. माय खाटेवर पडून मशीनचा आवाज ऐकायची. “बंद कर की रे ते,” म्हणायची. मी बंद करायचो आणि मग घर इतकं शांत व्हायचं की पुन्हा सुरू करायचो.

रिपोर्ट चांगला नव्हता. पण अगदी हाताबाहेरही गेलेलं नव्हतं. नांदेडला ऑपरेशन झालं, गर्भपिशवी काढली, मग रेडिएशनचा शेक द्यायला पाच आठवडे रोज नेणं-आणणं झालं. तिथले डॉक्टर म्हणाले, “थोडं आधी आला असता तर एवढं करावं लागलं नसतं.” ते साधंच बोलले, त्यांना काही दोष द्यायचा नव्हता. पण ‘थोडं आधी’ म्हणजे नेमके किती रविवार, हे मी गाडीत बसून घरी येईपर्यंत मोजत होतो.

ती बरी झाली. अंग उतरलं, चालणं हळू झालं, पण सकाळी अंगणात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोकायला पुन्हा लागली. दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं असतं. त्याच्या आदल्या आठवड्यात मला झोप लागत नाही, आणि दाखवून आलं की दोन दिवस लागते. गेले वर्षभर असंच चाललंय. मायचे परकर ती अजूनही स्वतःच धुवायची. मी नको म्हटलं तर म्हणायची, “तेवढं तरी ऱ्हाऊ दे माझं.” मीही ताणून धरलं नाही. पण मला धाक होता. पुन्हा काही झालं तर ही सांगेल का? की या वेळी हळदीपेक्षा चांगलं काहीतरी शोधून काढेल?

परवाच्या रविवारी मी थप्प्या लावत बसलो होतो. बायको भाजी आणायला गेली होती. मशीनमध्ये टॉवेल फिरत होते. माय भिंतीला धरत धरत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या हातात परकर होता. गुंडाळलेला नव्हता, साडीखाली झाकलेला नव्हता. तिनं तो माझ्यापुढे धरला.

“रगत हाय,” ती म्हणाली. “आज सकाळचंच हाय. धुतलं न्हाई मी. म्हटलं आधी तुला दावावं.”

तो परकर मी दोन्ही हातांनी घेतला. डाग लहान होता आणि ओला होता.

“दुखतंय काय गं?”

“न्हाई,” ती म्हणाली. मग माझ्या डोक्यावर हात टेकून म्हणाली, “भेव वाटून राह्यलं, बाबा.”

मायनं आयुष्यात कधी, कोणालाच असं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

“मला बी,” मी म्हटलं.